पाणी कुठं पडतंय

मागच्या श्रावणात पाऊस लागून राहिला आणि म्हसवडच्या घराच्या सोप्यातला सिमेंटचा गिलावा एका रात्रीत निम्मा खाली आला. सकाळी शेजाऱ्यांचा फोन गेला. या घराची लेक सांगलीहून निघाली, विटा, आटपाडी, दिघंची करत दुपारी पोहोचली, दार ढकललं. डोळ्यांना आत काही दिसायच्या आधीच वास आला. ओल्या पांढऱ्या मातीचा, तिच्यात कालवलेल्या भुसकटाचा, चुलीच्या जुन्या धुराचा. गिलाव्यामागं तो वास तीस वर्षं कोंडून पडला होता. उघड्या पडलेल्या भिंतीवर आजीच्या बोटांचे फराटे होते, शेणकाला ओढताना हात कमानीसारखा फिरतो तसे.

घर विकायचं चाललंय. थोरला भाऊ पुण्यात, धाकटा ठाण्यात. दोघांचंही चुकत नाही. पेठेतली जागा, बाजार हाकेच्या अंतरावर, सिद्धनाथाचं देऊळ चालत जाण्यासारखं. गिऱ्हाईक येणारच. मूल्यांकनाला आलेल्या इंजिनिअरनं टेप लावून लांबी-रुंदी घेतली, रेडी रेकनरचा दर पाहिला, वयाचा घसारा धरला आणि कागद दिला. जमिनीपुढं रक्कम होती. बांधकामापुढं शून्य होतं.

त्या शून्यापाशी ती अडून बसली आहे.

तिला एक रात्र आठवते. उत्तरा नक्षत्राचा पाऊस, वीज गेलेली, ती सात-आठ वर्षांची. आजी कंदील घेऊन शिडीवरून माळवदावर गेली होती आणि ही खाली अंधारात परात घेऊन उभी होती. छताला उजेडासाठी ठेवलेलं भोक असतं, साणं. त्या साण्यातून वरून आजीचा आवाज आला, ‘कुठं पडतंय गं?’ हिनं ओरडून सांगितलं, ‘तिसऱ्या खणात, देवळीम्होरं!’ वर टाचांचा दबका आवाज झाला. आजी माती दाबत होती. ‘आता?’ ‘अजून पडतंय!’ पुन्हा टाचा. मग परातीतला आवाज थांबला.

आजी वरच्या सपाट अंधारात पाय मोजून नेमक्या जागी कशी पोहोचली, हे तिला तेव्हा नवल वाटलं नाही. आता वाटतं.

माळवद हे माणदेशाच्या पावसाला दिलेलं उत्तर आहे. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि माण तालुक्याला वर्षाकाठी पाचशेच्या आसपास मिळतो. महाबळेश्वरात उतरतं छप्पर लागतं. इथं सपाट मातीचं चालतं, उन्हाळ्यात त्याच्याखाली झोप लागते, वर धान्य, मिरच्या, कुरडया वाळवता येतात. खाली कमरेएवढं काळ्या दगडाचं जोतं. त्यावर पांढरीच्या मातीच्या, उन्हात वाळवलेल्या भेंड्यांच्या दोन हात जाड भिंती. पण छताचा भार भिंतींवर नसतो, तो लाकडी खांबांवर असतो. खांबांवर तुळया, त्यावर सर, सरांवर किलच्या, किलच्यांवर लिंबाचा पाला आणि तुरकाट्या, मग चिखल, आणि सगळ्यांत वर खाऱ्या पांढऱ्या मातीचा थर. पहिल्या पावसात ही माती थोडी विरघळून आपल्याच भेगांमध्ये उतरते आणि छत बंद होतं. म्हणून दरवर्षी रोहिणी निघायच्या आधी वर माती घालावी लागते. ज्या वर्षी घातली नाही त्या वर्षी घर गळतं, लागोपाठ चार वर्षं घातली नाही तर तुळई कुजते.

हे घर नऊ खणांचं. खांब सागाचे, मधले दोन लिंबाचे. ते दोन नंतर बदललेले असावेत. पहिल्यांचं काय झालं हे सांगणारं आता कोणी नाही.

तिचा राग सिमेंटवर आहे आणि तो ती लपवत नाही. नव्वदच्या दशकात घरात लग्न निघालं, भिंती चकचकीत हव्यात म्हणून एका गवंड्यानं शेणामातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवून दिला. मातीची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि बाहेर सोडते. सिमेंटनं ती वाट बुजवली. ओल आत साचली, भेंडे आतल्या आत मऊ पडले, बाहेरून मात्र भिंत वर्षानुवर्षं गुळगुळीत दिसत राहिली. त्याच सुमारास खांबांना चॉकलेटी ऑइलपेंट लावला. आजी तेव्हा ओसरीत बसून होती. तिला कोणी विचारलं नाही. नातीला या एका गोष्टीचा अजून त्रास होतो.

जुन्या घराची बाजू घेताना किल्लारीला वळसा घालून जाता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात लातूर-उस्मानाबादची गावं बसली आणि सरकारी आकड्यानुसारही आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. तीही माळवदाचीच घरं होती. नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना बऱ्याच ठिकाणी लाकडी सांगाडा उभाच दिसला. घात केला तो मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींनी आणि वर्षानुवर्षं चढत गेलेल्या छताच्या वजनानं. जुनी माती न खरडता नवी टाकत गेलं की छत वीतभराचं हातभर होतं. आजी आधी खुरप्यानं वरचा थर काढायची, तो परसात टाकायची, मग नवी माती. कोणत्या पुस्तकात वाचून हे केलं नव्हतं. कोयनेचा भूकंप झाला, ११ डिसेंबर १९६७ ला, तेव्हा फळीवरची भांडी खाली आली आणि एका भिंतीला तडा गेला, एवढंच घरात सांगत. त्या तड्यावर आजोबांनी कॅलेंडर लावलं होतं. त्या भिंतीलगतची खाट मात्र तिथून कायमची हलली.

म्हणून घर पाहायला गेलेल्या माणसानं रंग बघू नये असं तिचं म्हणणं आहे. खांबाच्या बुडाशी, दगडी उथळ्यावर जिथं लाकूड टेकतं, तिथं स्क्रू ड्रायव्हर टोचून बघावा. तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथं वाळवीची नळी आहे का पाहावं. छताच्या मातीची जाडी साण्याच्या काठाशी मोजता येते. आणि पावसाळ्यात यावं. मे महिन्यात सगळीच घरं चांगली असतात.

पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा शेजारचे एक वृद्ध गृहस्थ सोप्यात येऊन बसले आणि त्यांनी म्हसवडच्या नागोजी मान्यांची गोष्ट काढली. म्हसवडला पाहुणा आला की ती निघतेच. संताजी घोरपड्यांनी अमृतराव निंबाळकरांना मारलं, नागोजींची बायको राधाबाई ही अमृतरावांची बहीण, तिनं सूड मागितला. छत्रपती राजाराम आणि धनाजी जाधवांशी बिनसल्यावर एकटे पडलेले संताजी १६९७ साली शंभू महादेवाच्या डोंगरात नागोजींच्या हातून मारले गेले. औरंगजेबाच्या फौजांना जेरीस आणणारा सेनापती असा गेला. गिऱ्हाईक मान डोलावत राहिलं आणि मध्येच विचारलं, बोअरला पाणी कितीवर आहे?

लहानपणी तिला या गोष्टीची लाज वाटायची. आपल्या गावाचं नाव इतिहासात यावं आणि ते असं यावं! पुढं सांगलीला शाळेत शिकवताना तो धडा आला की ती म्हसवडचं नाव जरा भरभर घ्यायची. आता तिला राधाबाईबद्दल वेगळाच प्रश्न पडतो. भावासाठी पेटलेली एवढीच ती उरली. तिचा वाडा कुठं होता, त्यात ती कशी राहायची, यातलं काही मागं राहिलं नाही.

देवदिवाळीला, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो. ‘सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं’च्या गजरात गुलाल-खोबऱ्याची उधळण होते. रथाच्या आदल्या रात्री हे नऊ खणांचं घर चाळीसेक माणसं पोटात घ्यायचं. पाव्हणे सोप्यात, बाया माजघरात, पोरं धान्याच्या पोत्यांवर. वीस बाय तीसच्या नव्या घरात चाळीस माणसं झोपत नाहीत, आणि आता येतही नाहीत. पाव्हणे गाडीनं येतात, दर्शन घेतात, रात्री परत जातात. इतक्या मोठ्या घराची गरज आता कुणाला आहे, असं थोरला भाऊ विचारतो. त्याला उत्तर देणं अवघड आहे.

सिमेंटचं घर तिनंही केलंय. सांगलीत, गावभागात, तळमजल्यावर. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा तिच्या स्वयंपाकघरातला गॅसचा ओटा पाण्याखाली होता. घर पडलं नाही. कपाटं, पुस्तकं, आईचे फोटो, सगळं गेलं. पाणी उतरल्यावर गाळ काढताना तिच्या मनात म्हसवडची ती परात होती. कृष्णाकाठी पाणी खालून येतं, माणच्या काठी वरून, आणि बहुतेक वर्षी येतच नाही. १८७६-७८ च्या दुष्काळाच्या काळात इंग्रजांनी राजेवाडीच्या तलावाचं काम काढलं ते याच गावांच्या हातांना काम मिळावं म्हणून. १९७२ ला आजी खडी फोडायला गेली होती. २०१२-१३ ला म्हसवडला जनावरांची छावणी पडली. पण या सगळ्या वर्षांतसुद्धा रोहिणीआधी माळवदावर माती पडली होती, पाऊस येणार की नाही हे ठाऊक नसताना. आजी गेल्यावर तिच्या आईनं ती टाकली. आई गेल्यावर कोणी टाकली नाही.

घरपट्टीचा उतारा काढायला नगरपालिकेत गेल्यावर तिला ते दिसलं. पणजोबांचं नाव, मग आजोबांचं, मग वडिलांचं, त्याखाली दोन्ही भाऊ आणि ती. महाराष्ट्रानं १९९४ साली कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला आणि २००५ ला तो देशभर आला, म्हणून तिचं नाव आहे. आजीचं नाव कुठंच नाही. आईचंही नाही. घरपट्टीच्या नोंदीनं मालकी सिद्ध होत नाही, हे कारकुनानं तिला समजावलं. तिला ते माहीत होतं.

याच गावात १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा तिची सुरुवात सांगतात तेव्हा एका बाईपासून सांगतात. रस्त्याच्या कडेला संसार असलेली, लोखंडाचं काम करून पोट भरणारी बाई. तिला रोजचे थोडे पैसे साठवून पावसाळ्याआधी डोक्यावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. बँकांनी तिचं खातं उघडलं नाही. मग बायकांचीच बँक काढायची ठरली, तर रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज परत केला, कारण प्रवर्तक बायकांपैकी बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या मुंबईला गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब घाला, तोंडी करून दाखवतो. बँकेला परवाना मिळाला. एका छतापायी एवढं घडलं. तिची आजीही अंगठाच उठवायची, आणि नऊ खणांची लांबी-रुंदी, मातीच्या पाट्या, गड्याची मजुरी बोटांच्या पेरांवर करायची.

भावांशी फोनवर बोलणं झालं. पाडून नवं बांधायचं तर पंतप्रधान आवास योजनेत शहरी घरकुलाला केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख मिळतात, शेजारच्यांनी तसंच केलंय, त्यांची गळती थांबली आणि त्यांना दोष द्यायला जागा नाही. पण या घरात कायमचं राहणारं कोणी नसल्यानं तो प्रश्न इथं येत नाही. तिनं आपलं मत सांगितलं. मागची भिंत गेलेली आहे, ती आणि तिथले तीन खण उतरवावेत. पुढचे सहा खण ठणठणीत आहेत, ती स्वतः टोचून आली आहे. सिमेंट पूर्ण खरवडून काढावं, भिंती पुन्हा मातीनं लिंपाव्यात, वर्षातून एकदा माती टाकायला माणूस ठरवावा आणि त्याची मजुरी तिघांनी वाटून द्यावी. पाच वर्षं हे जमलं नाही तर विकावं, आणि तेव्हा ती कुरकुर करणार नाही. ज्या घरावर चढायला कोणी तयार नाही ते धरून ठेवू नये, हे तिलाही पटतं. धाकटा म्हणाला, ‘ताई, बघू.’

तिच्यासारखीच घरं ज्यांच्याकडे आहेत, म्हसवडला, दहिवडीला, आटपाडीला, त्यांना तिचं एक सांगणं आहे. बोलणी करण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला सोबत घेऊन घरातून फिरा आणि पाणी कुठून येतं ते विचारा, तिला ते कोणत्याही इंजिनिअरपेक्षा नीट माहीत असतं. आणि मिळकतीच्या कागदावर तिचं नाव आहे का ते बघा. नवऱ्यानं राहतं घर बायकोला बक्षीसपत्रानं द्यायचं तर त्याचं मुद्रांक शुल्क राज्यानं २०१५ साली २०० रुपयांवर आणून ठेवलं. नाव नसेल तर ती हयात असताना लावून घ्या.