दोन संच

माझ्या पुस्तकांच्या कपाटात किप्लिंगच्या शेजारी सध्या दोन पेट्या उभ्या आहेत. दोहोंत एकाच चित्रमालिकेच्या तबकड्या आहेत. आणि तरीही ती मालिका मजजवळ पुरती आहे असे मला म्हणवत नाही. "हे सगळे फोनवर फुकट दिसते, बाबा. दोन-दोनदा पैसे कशाला घातलेत?" असे चिरंजिवांनी विचारले तेव्हा मी उत्तर देण्याचे टाळले. तीस वर्षांच्या अध्यापनात ही कला माणसाला साधतेच. पण प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर निदान कागदावर तरी द्यावे असे वाटल्यावरून हा प्रपंच.

ही मालिका म्हणजे 'जंगल बुक'. निप्पॉन अ‍ॅनिमेशन नावाच्या जपानी संस्थेने १९८९-९० साली ती बावन्न भागांत काढली आणि १९९३ मध्ये दूरदर्शनने ती हिंदीत रविवारी सकाळी दाखविली. गीत गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाजांची आणि शेरखानाच्या मुखी आवाज आमच्या नाना पाटेकरांचा. त्या वेळी जी मुले आठ-दहा वर्षांची होती ती आज चाळिशीच्या घरात आहेत. पण ते गाणे कोणी गुणगुणले की त्यांच्या चेहऱ्यावरची वीस-पंचवीस वर्षे तरी खाली गळतात.

मी मात्र त्या वेळी मूल नव्हतो. इंग्रजी घेऊन नुकताच एम. ए. झालो होतो, आणि नव्या पदवीधराच्या अंगी जो एक प्रकारचा ताप असतो तो मला चांगलाच चढलेला होता. आम्ही तेव्हा खामगावास राहत असू. अप्पांची सारी नोकरी प्राथमिक शाळेत गेलेली. त्यातली कैक वर्षे बोथ्याच्या बाजूच्या खेड्यांतून. खामगावाहून बोथ्यामार्गे बुलढाण्यास जाणारा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते रान सांगावयास नको. आज तेथे ज्ञानगंगा अभयारण्य आहे. अस्वलांसाठी ते रान पूर्वीपासून प्रसिद्ध. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे एकट्याने त्या बाजूस जाऊ नये, हा अप्पांच्या विद्यार्थ्यांचा पहिला धडा असे. अप्पा फारसे हसत नसत, आणि दूरदर्शनवर बातम्यांखेरीज काही पाहत नसत. असे अप्पा त्या रविवारी माझ्या धाकट्या बहिणीशेजारी खुर्ची ओढून बसले होते. पडद्यावर भालू चालत होता. अप्पा म्हणाले, "अस्वल अस्संच पाय टाकते. पंजे आत वळवून. ह्या जपान्यांनी कुठे पाहिले असेल?"

मी दारात उभा होतो. मी म्हणालो, "अप्पा, हे काही किप्लिंग नव्हे." आणि मग थांबलो नाही. किप्लिंगच्या दोन पुस्तकांत मिळून मोगलीच्या कथा अवघ्या आठ, त्यांचे ह्यांनी बावन्न भाग ओढले. लाल पांडा हिमालयातला प्राणी, तो शिवनीच्या जंगलात आणून बसविला. चित्रे पुरेशी हलतसुद्धा नाहीत, काटकसरीचा मामला आहे. सगळे मुद्दे बरोबर होते. अप्पांनी ऐकून घेतले. पुढल्या रविवारी गाणे सुरू झाले तेव्हा ते वर्तमानपत्र घेऊन ओसरीवर जाऊन बसले. त्यानंतर ती मालिका त्यांनी पाहिली नाही. मला ते तेव्हा जाणवलेही नाही. बहिणीने पुष्कळ वर्षांनी, अप्पा गेल्यानंतर, सहज बोलता बोलता सांगितले.

पहिला संच मी अकोल्यास घेतला. किंमत अल्प, आवाज हिंदी, शेरखान नानांचाच. घरी येऊन लावला आणि मन खट्टू झाले. एका साध्या तबकडीत सुमारे पावणेपाच गिगाबाइट मजकूर मावतो. म्हणजे चित्र सुरेख हवे असेल तर दोन तासांचा ऐवज. विक्रेत्याने प्रत्येक तबकडीत तेरा भाग, म्हणजे सुमारे पाच तास कोंबले होते. आमच्या लाल परीत उन्हाळ्यात माणसे कोंबतात तसे! परिणाम असा की, जेथे म्हणून गवत हलते किंवा पाणी वाहते, तेथे चित्राच्या चौकटी-चौकटी पडतात. त्यात मूळचे चौरस चित्र नव्या रुंद पडद्याच्या मापाने ताणलेले. त्यामुळे मोगली बसका आणि बघीरा म्हशीसारखा. हा माल तयार करणाऱ्याने तो एकदा तरी स्वतः पाहिला असेल असे मला वाटत नाही.

दुसरा संच परदेशी असलेल्या पुतण्याने पाठविला. ह्याची किंमत सौ.ला मी अद्याप सांगितलेली नाही. ह्या तबकड्या आपल्याकडील यंत्रावर सरळ चालतही नाहीत, कारण जगाचे विभाग पाडून प्रत्येकास आकडा दिलेला आहे. आपला पाच, जपानचा दोन. सर्व विभागांचे चालणारे यंत्र मिळवावे लागले. पण चित्र पाहिले आणि बोलणेच खुंटले. मागची रंगविलेली झाडे, पहाटेचे धुके, खडकावरचे शेवाळ, सारे स्वच्छ. आणि मी ज्याला काटकसर म्हणालो होतो ती काय वस्तू आहे हे तेव्हा कोठे डोळ्यांस दिसले. चित्रपटाच्या फितीत सेकंदाला चोवीस चौकटी धावतात. जपानी चित्रकार दूरचित्रवाणीसाठी पुष्कळदा त्यात आठच नवी चित्रे काढतात, आणि कित्येकदा तीही नाही. एकच चित्र धरून ठेवतात. हे पैशाच्या ओढीतून आले ह्यात शंका नाही. पण रानात जनावर असेच असते. ते हलत नाही. ते तुमच्याकडे पाहत उभे असते, आणि मग एकदम नसते. अप्पांनी हे बोथ्याला पाहिले होते. मी इंग्रजीत वाचले होते. वाईट तबकडीत हे स्थिर चित्रच चौकटींनी थरथरते, म्हणजे नेमके जे पाहावयाचे तेच नासते.

(२०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा एक तरुण वाघ महिनोन् महिने चालत, तेराशे किलोमीटरांवर मजल मारून, आमच्या ज्ञानगंगेत येऊन पोहोचला. गळ्यातल्या पट्ट्यामुळे त्याची वाट कळली. ती बातमी वाचताना मला पहिली आठवण अप्पांची झाली होती. त्यांनी ती कात्रण करून ठेवली असती.)

अडचण एवढीच की, ह्या सुंदर संचावर बोल जपानी. गुलजारांचे गाणे नाही. ते आपल्याकडचे, मूळ मालिकेत असणार कोठून? नाना नाहीत. अप्पांनी ज्या भालूस ओळखले तो हिंदी बोलत होता. तेव्हा मी एक उद्योग आरंभिला: चित्र परदेशी संचाचे आणि आवाज अकोल्याच्या संचाचा, दोन यंत्रांवर एकदम. पहिल्याच मिनिटास फजिती झाली. फीत चोवीस चौकटींची, आपल्याकडील दूरचित्रवाणीची चाल पंचवीस. त्यामुळे देशी संच थोडा भरभर धावतो. मिनिटाला सुमारे अडीच सेकंद. तेवीस मिनिटांच्या भागात जवळजवळ एक मिनिटाची तफावत! शेरखान अजून झुडपात असतो आणि नाना गरजून मोकळे झालेले असतात.

उपाय एकच. दर मिनिटाला आवाज थांबवावयाचा आणि चित्र येऊन पोहोचेपर्यंत वाट पाहावयाची. हे काम एकट्याने नीट होत नाही. मी पडद्याकडे पाहू लागलो की माझे बोट चुकते. गेल्या तीन रविवारांपासून सौ. ते खटके सांभाळते. तिने किप्लिंग वाचलेला नाही, जपानी चित्रकलेविषयी माझे व्याख्यानही पाच मिनिटांवर ऐकून घेतलेले नाही. पण नेमके कोठे थांबावे हे तिला माझ्याहून चांगले कळते. परवा मी मध्येच काहीतरी समजावून सांगू लागलो, तेव्हा ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "अहो, गप्प बसा ना जरा. वाघ अजून यायचा आहे."

मी गप्प बसलो. एकवीस भाग झाले आहेत, एकतीस राहिले.