नऊ जय आणि त्र्याहत्तर पराजय

‘अपयश ही यशाची पहिली पायरी होय’ हें वाक्य न ऐकलेला विद्यार्थी महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. वर्गाच्या भिंतीवर तें टांगलेलें असतें, निबंधाच्या शेवटीं तें हटकून येतें, आणि परीक्षेचा निकाल लागल्याच्या सायंकाळीं एखादे मामा उतरलेल्या चेहऱ्याच्या भाच्याच्या पाठीवर हात ठेवून तेंच वाक्य पुन्हां उच्चारतात. त्यांत माया असते, याविषयीं शंका नाहीं. परंतु ज्याला दुसरी पायरी कधींच लाभली नाहीं, त्याच्या अपयशाचें काय, असें त्या भाच्यानें उलट विचारलें, तर मामांनीं काय उत्तर द्यावें? या प्रश्नाचा विचार करतांना आम्हांस एका परदेशी संघाच्या हकीकतीचें फार साहाय्य झालें. ती विजयाची नसून पराजयाची आहे, आणि म्हणूनच ती येथें सांगावी असें वाटतें.

ही हकीकत बास्केटबॉल या खेळांतली आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं हा खेळ खेळला असेल. परंतु त्याचा जन्म एका ख्रिस्ती संस्थेंत झाला, हें कदाचित् सर्वांस ठाऊक नसेल. १८९१ सालच्या डिसेंबरांत, अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड या गांवीं, यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शिक्षणसंस्थेंत जेम्स नेस्मिथ नांवाचे एक तरुण शिक्षक होते. धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा करून ते शारीरिक शिक्षणाकडे वळले होते. हिवाळ्यांत विद्यार्थ्यांना छपराखालीं खेळतां येईल असा एखादा नवा खेळ शोधून काढण्याची कामगिरी त्यांच्यावर आली. त्यांनीं व्यायामशाळेच्या सज्जाला दोन टोंकांस पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले, आणि अठरा विद्यार्थ्यांचे दोन संघ पाडले. पुढें याच संस्थेच्या द्वारें तो खेळ देशोदेशीं पसरला. भारतांतही तो मुख्यतः तिच्याच मार्गानें आला. १९२० सालीं हॅरी क्रो बक यांनीं मद्रास येथें तिच्या वतीनें शारीरिक शिक्षणाचें विद्यालय स्थापन केलें, तें अशा खेळांच्या प्रसारास फार उपयोगी पडलें.

नेस्मिथ पुढें कॅन्सस विद्यापीठांत गेले व तेथील संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. त्यांच्या कारकीर्दींत त्या संघानें ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. त्या विद्यापीठाच्या सर्व प्रशिक्षकांत ज्यांच्या खात्यावर जयांपेक्षां पराजय अधिक आहेत, असे ते एकटेच! ज्यांनीं खेळ निर्माण केला, त्यांच्याच पदरीं हा हिशेब पडावा, हें पाहून पराजयाकडे थोड्या आदरानें पाहावें असें आम्हांस वाटूं लागलें. तथापि ५५ आणि ६० यांत अंतर तें किती? आम्हांस सांगावयाची आहे ती गोष्ट ९ आणि ७३ यांची.

फिलाडेल्फिया हें शहर म्हणजे १७७६ सालीं जेथें अमेरिकेच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली तें. त्या सालावरूनच तेथील धंदेवाईक बास्केटबॉल संघानें ‘सेव्हंटी-सिक्सर्स’ हें नांव घेतलें. १९६६-६७ च्या मोसमांत या संघानें ८१ पैकीं ६८ सामने जिंकले आणि शेवटीं विजेतेपदही मिळविलें. विल्ट चेंबरलेन या धिप्पाड खेळाडूचें नांव त्या वेळीं सर्वांच्या तोंडीं होतें. परंतु वैभव हें उन्हाळ्यांतल्या ओढ्यासारखें. केव्हां आटेल, सांगतां येत नाहीं. १९६८ सालीं चेंबरलेन लॉस एंजल्सच्या संघांत गेला. १९७२ सालीं अनुभवी प्रशिक्षक जॅक रॅमसे बफेलोस गेले, आणि संघाचा आधारस्तंभ बिली कनिंगहॅम हाही प्रतिस्पर्धी संघटनेंतील कॅरोलायनाच्या संघांत निघून गेला. रिकाम्या जागीं रॉय रूबिन हे नवे प्रशिक्षक आले. महाविद्यालयीन संघांचा त्यांस अनुभव होता. धंदेवाईक खेळाडूंचा मुळींच नव्हता.

तेथील मोसम ८२ सामन्यांचा असतो. ऑक्टोबरांत आरंभ झाला तो सलग पंधरा पराभवांनीं. जानेवारीपर्यंत ५१ सामने झाले, त्यांत ४ जिंकले व ४७ गमावले. तेव्हां रूबिन यांस दूर करण्यांत आलें व संघांतीलच एक खेळाडू, केव्हिन लॉकरी, याच्या गळ्यांत प्रशिक्षकपदाची माळ पडली. माळ बदलली म्हणून दैव थोडेंच बदलतें? पराभवांची रांग सलग वीसपर्यंत लांबली. ६२ सामने संपले त्या वेळीं पाटीवर आंकडे होते: जय ४, पराजय ५८.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें आणि साधा हिशेब करून पाहावा. वीस सामने उरले होते. ते वीसच्या वीस जिंकले असते, तरी बेरीज २४ वर जाती ना. आणि त्यांच्याच गटांतील बॉस्टनचा संघ त्या मोसमांत ६८ सामने जिंकून गेला. म्हणजे मिळवावयाचें असें आतां कांहींच उरलें नव्हतें. सामन्यांचें वेळापत्रक मात्र उरलें होतें. नेमल्या दिवशीं नेमल्या गांवीं जावयाचें, ४८ मिनिटें धांवावयाचें, आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत आपलीच थट्टा वाचावयाची!

अशा स्थितींत या संघानें काय केलें? त्यापुढच्या सात सामन्यांपैकीं त्यानें पांच जिंकले. साऱ्या हिंवाळ्यांत ज्यांना चारच विजय लाभले होते, त्यांनीं थोड्याच दिवसांत पांच मिळविले. आतां त्यांचें दैव फिरलें, असें कोणी म्हणेल. पण तसेंही नाहीं. उरलेले तेरा सामने त्यांनीं ओळीनें गमावले. मोसमाची अखेर ९ जय आणि ७३ पराजय अशी झाली. ८२ सामन्यांच्या पूर्ण मोसमांत याहून कमी विजय मिळविणारा संघ त्यानंतरच्या पन्नास वर्षांत झाला नाहीं. त्या शहरांतील वर्तमानपत्रवाल्यांनीं ‘सेव्हंटी-सिक्सर्स’ या नांवाचें विडंबन करून त्यांस ‘नऊ आणि त्र्याहत्तरवाले’ म्हणावयास आरंभ केला.

या संघांतील दोन माणसांकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. पहिला फ्रेड कार्टर. या दुर्दैवी मोसमांत त्यानें सामन्यागणिक सरासरी २० गुण केले. धंदेवाईक खेळांत ही कामगिरी चांगल्या खेळाडूची समजली जाते. संघ हरणार हें दिसत असतां कोणी सरासरी वीस गुण कसे करतो? एकच मार्ग आहे: प्रत्येक सामना हा पहिलाच आहे असें समजून खेळणें. दुसरा हाल ग्रीअर. हा १९६७ च्या विजेत्या संघांतला मोहरा. पंधरा मोसम तो याच संघाकडून खेळला व त्यानें एकंदर २१,५८६ गुण केले. इतर खेळाडू फ्री थ्रो जमिनीवर पाय रोवून टाकतात. हा मात्र तोही उडी मारूनच टाकी. १९७२-७३ हा त्याचा अखेरचा मोसम. छत्तीस वर्षांचें वय, अर्ध्याहून अधिक सामन्यांत बांकावर बसणें, आणि डोळ्यांसमोर आपल्याच संघाची ही दशा! विजयाचें शिखर पाहिलेल्या माणसानें निरोप घेतला तो या दरींतून.

कोणी म्हणेल, ‘ते पगारी खेळाडू होते, पगारासाठीं खेळले, यांत नवल कसलें?’ हा आक्षेप आम्हांस पुरता पटत नाहीं. पगार माणसाला मैदानापर्यंत आणूं शकतो. हरलेल्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला, निसटलेल्या चेंडूमागें, गुडघे फुटतील याची पर्वा न करतां झेंप घेणें हें पगाराच्या करारांत लिहिलेलें नसतें. तें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें.

आतां पुन्हां त्या पायरीच्या वाक्याकडे वळूं. पुढें फिलाडेल्फियाचा संघ सुधारला, हें खरें आहे. दुर्बळ संघांस नव्या खेळाडूंच्या निवडींत आधीं संधी द्यावी, असा तेथें नियम आहे. त्याप्रमाणें १९७३ सालीं त्यांस पहिली निवड मिळाली व त्यांनीं डग कॉलिन्स यास घेतलें. पुढील तीन मोसमांत विजय अनुक्रमें २५, ३४ आणि ४६ झाले. १९७७ सालीं संघ अंतिम फेरींत पोंचला, आणि १९८३ सालीं त्याच बिली कनिंगहॅमच्या मार्गदर्शनाखालीं विजेता ठरला. पायरीचें वाक्य तंतोतंत खरें ठरलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पण पायरी कोणाची? कार्टरला ४६ विजयांचा मोसम तरी याच संघांत पाहावयास मिळाला. ग्रीअरला तोही मिळाला नाहीं; रूबिन तर त्यापूर्वींच गेले होते. १९८३ च्या विजेत्या संघांत १९७३ चा एकही खेळाडू नव्हता. संघ पायऱ्या चढून वर गेला, आणि ज्यांच्या पाठीवर ती पहिली पायरी बांधली गेली ते लोक खालींच राहिले. त्यांच्या श्रमांचें मोल केवळ पुढच्या विजयावरून ठरवावयाचें, तर त्यांच्या वांट्यास शून्य येतें. हा हिशेब न्यायाचा आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

या विचारसरणींत दुसराही एक धोका आहे, आणि तो त्याच संघाच्या इतिहासांत पुढें स्पष्ट दिसून आला. पराजय जर केवळ पायरी असेल, तर ती मुद्दाम बांधावयास काय हरकत? शेवटच्या संघास चांगला खेळाडू मिळतो या नियमामुळें असा मोह उत्पन्न होतो. म्हणून १९८५ पासून तेथें त्या निवडीसाठीं सोडत काढण्याची पद्धत सुरू झाली. तरीही २०१३ ते २०१६ या तीन मोसमांत फिलाडेल्फियाच्या चालकांनीं अनुभवी खेळाडू इतर संघांस देऊन भावी निवडीचे हक्क गोळा केले. विजय झाले १९, १८ आणि १०. मैदानावर उतरलेल्या तरुण खेळाडूंचा यांत दोष नव्हता. ते आपल्या परीनें झुंजतच होते. परंतु वर बसलेल्यांच्या वहींत त्यांचा प्रत्येक पराजय जमेच्या बाजूस मांडला जात होता. एवढें करूनही २०२५ पर्यंत त्या संघास दुसरें विजेतेपद मिळालें नाहीं. मिळालें असतें तरी आमचें मत बदललें नसतें. १९७३ चा पराजय आणि २०१६ चा पराजय हे आंकड्यांत शेजारी शेजारी बसतील, परंतु दोन्ही एका तागडींत तोलतां येणार नाहींत.

आमच्या क्रीडामहोत्सवांत एक दृश्य दर वर्षीं दिसतें. शर्यतींत पहिले तिघे पुढें गेले कीं मागचे कांहीं धावपटू दोरीपर्यंत न जातां मध्येंच रिंगणाबाहेर पडतात, आणि जणूं आपण धांवतच नव्हतों अशा मुद्रेनें हंसत उभे राहतात. त्यांना आम्ही दोष देत नाहीं. बक्षिसें तीनच आहेत हें आपणच त्यांस शिकविलें आहे. परंतु सर्वांच्या मागून एखादा मुलगा त्या रिकाम्या रिंगणांतून एकटाच शेवटपर्यंत धांवत येतो, तेव्हां टाळ्या क्षणभर थांबतात आणि मग अधिक जोरानें वाजतात. कां वाजतात, हें टाळ्या वाजविणाऱ्यांसही सांगतां यावयाचें नाहीं. प्रेषित पौलानें तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत, आपला अंत जवळ आला असतां, धांव पुरी केल्याचें समाधान व्यक्त केलें आहे. आपण कितवे आलों, हें तो सांगत नाहीं. मुगुटाची गोष्ट त्यानंतर येते, आणि तो मुगुट आपल्या एकट्यासाठीं नाहीं, असेंही तो बजावतो.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकीं कांहींना गणित येत नाहीं, कांहींना इंग्रजी येत नाहीं, आणि कांहींचा संघ आंतरशालेय सामन्यांत पहिल्याच फेरींत हरून परत येतो. पुढच्या वर्षीं तुम्ही खात्रीनें जिंकाल, असें आश्वासन आम्ही देऊं शकत नाहीं; जें आपल्या हातीं नाहीं तें देऊं करणें हा प्रामाणिकपणा नव्हे. इतकेंच सांगतों कीं, उरलेले वीस सामने तुमचे आहेत. ते कसे खेळावयाचे हें पहिल्या बासष्टांनीं ठरविलेलें नाहीं.

आणि पालकांस आमची एक नम्र विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी हरून घरीं आली, तर पायरीचें वाक्य थोडा वेळ बाजूस ठेवावें. आज सामना कसा झाला, शेवटपर्यंत दम राहिला कीं नाहीं, समोरच्यांत चांगलें कोण खेळलें, असें विचारावें, आणि तें सर्व ऐकून घ्यावें. मग हातपाय धुऊन जेवावयास बसवावें. उद्यां पुन्हां शाळा आहे, आणि सायंकाळीं मैदानही आहे.