कृष्णेच्या माहेरी

एका दिवसाच्या सहलीचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. चार दिवसांच्या प्रवासाला निघालेला माणूस स्वस्थ असतो. काही पाहायचे राहिले तर ‘उद्या पाहू’ असे त्याला म्हणता येते. एका दिवसाच्या सहलीला उद्या नसतो. त्यामुळे पहाटे पाचला उठून, पोरांना अर्धवट झोपेत गाडीत घालून, दिवस मावळेपर्यंत आठ ठिकाणे उरकायची असतात. ‘उरकणे’ हे क्रियापद खरे तर धुण्याभांड्यांचे. ते देवदर्शनाला आणि सूर्यास्ताला कधीपासून लागू झाले, याचा शोध एखाद्या भाषाशास्त्रज्ञाने अवश्य घ्यावा.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही पुण्याहून महाबळेश्वरला गेलो, ती सहल याच जातीची. जायचे अंतर सुमारे १२० किलोमीटर. चिरंजीवांच्या यादीत टेबल लँडवरचे घोडे आणि वेण्णा तलावातली होडी. कन्येच्या यादीत स्ट्रॉबेरी, आणि त्याखाली पुन्हा स्ट्रॉबेरी. सौभाग्यवतींनी यादी केली नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली एवढी तयारी करून त्यांनी शेवटी फक्त ‘क्षेत्र महाबळेश्वर’ असे घातले. आईला विचारले, तर ती म्हणाली, “मला काय, बसून येईन तुमच्याबरोबर.”

आई सांगलीची. तिचा सारा संसार गावभागातल्या आमच्या जुन्या घरात, कृष्णेच्या काठी झाला. नदीचे नाव तिने कधी नुसते घेतले नाही, ‘कृष्णामाई’ म्हणायची. पावसाळ्यात पाणी चढले की घाटावर जाऊन ओटी भरायची. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या माजघरात पुरुषभर पाणी होते. वडिलांची पुस्तके, लग्नातले फोटो, आजीच्या हातचा वळणदार अक्षरांतला व्रतांचा वहीसंग्रह, सगळे चिखलात गेले. आईला माडीवरून नावेत उतरवून घेतले. तेव्हापासून ती पुण्यात आमच्याकडे आहे आणि सांगलीच्या घराला कुलूप आहे. ती भाजीच्या भावाबद्दल बोलते, नातवंडांच्या परीक्षांबद्दल बोलते. नदीबद्दल बोलत नाही. घराचे काय करायचे, हा प्रश्न मी आणि माझी बहीण टेलिफोनवर दबक्या आवाजात चर्चितो. आईला तो विचारायचे धैर्य दोघांनाही होत नव्हते.

वाईला उतरलो तेव्हा घाटावर कोवळे ऊन आले होते. मराठीच्या मास्तराने वाईत विश्वकोशाची आठवण काढू नये हे कसे शक्य आहे? तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी या लहानशा गावात बसून विश्वकोशाचा संसार मांडला आणि १९७६ साली पहिला खंड बाहेर आला, हे मी मुलांना सांगू लागलो. मुले नम्रपणे गरम भज्यांच्या गाडीकडे पाहत राहिली. मग आम्ही ढोल्या गणपतीच्या देवळात गेलो. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते १७६२ साली बांधले. दर्शन झाल्यावर मी सर्वांना देवळाच्या मागच्या बाजूला नेले. तिथली भिंत माशाच्या आकारासारखी निमुळती केलेली आहे. पुराचे पाणी तिच्यावर आले की दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे, ही त्यातली योजना.

आई त्या भिंतीपाशी बराच वेळ उभी राहिली. तिने भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “पूर येणारच, हे धरूनच बांधलंय की रे.”

पुढे मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि घाट पाहिला. तिथली ती मोठी पोर्तुगीज घंटा १७३९ सालच्या वसईच्या विजयानंतर आलेली. घाटाच्या पायऱ्यांशी कृष्णा अगदी शांत होती. मुलांनी पाण्यात पाय सोडले. आई वरच्या पायरीवर बसून राहिली.

पसरणीचा घाट चढू लागलो. पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळ्यांचे गाव. वळणावळणाने वाईचे खोरे खाली जाऊ लागले आणि धोम धरणाचा जलाशय आरशाच्या तुकड्यासारखा चमकू लागला. पाचगणीला घोडे झाले, चिक्की झाली, सिल्व्हर ओकच्या रांगा मागे पडल्या. या वाटेने आपण पावसाच्या घरी जात असतो, हे हिवाळ्यात ध्यानात येत नाही. वाईला वर्षाकाठी हजार मिलिमीटरही पाऊस होत नाही आणि तिथून तासाभरावरच्या महाबळेश्वरला सुमारे सहा हजार मिलिमीटर कोसळतो! मी हा आकडा सांगताच कन्या म्हणाली, “म्हणजे आजीच्या घरात आलेलं पाणी इथलं होतं?” गाडीत कोणी बोलले नाही. आईने खिडकीबाहेर पाहत एवढेच म्हटले, “इथलंही असेल.”

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गेलो. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचा उगम इथे मानतात. पाच प्रवाह एकत्र होऊन दगडी गोमुखातून कुंडात पडतात. पश्चिमेचा समुद्र इथून जेमतेम ६५ किलोमीटर. सावित्री कडा उतरून त्याला बाणकोटपाशी मिळते. कृष्णा मात्र त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारे १,४०० किलोमीटर पूर्वेला चालत जाते. वेण्णा तिला माहुलीला भेटते, कोयना कऱ्हाडला. एका घरच्या लेकी वेगवेगळ्या वाटांनी निघून पुढे कुठे तरी एकमेकींच्या गळ्यात पडाव्यात, तसे हे आहे.

आई गोमुखाशी वाकली. मनगटाएवढी धार होती. तिने ओंजळ पुढे केली; ओंजळ भरली, सांडली, पुन्हा भरली. मग तिने ते पाणी डोळ्यांना लावले आणि माझ्या मुलीला म्हणाली, “केवढीशी आहे बघ ही! रांगणारं पोर जसं. आणि आमच्या दारात आली तेव्हा हिनं केवढा अवतार धरला होता, सांगू?”

आणि ती सांगू लागली. देवळाबाहेरच्या पारावर बसून, दशम्यांचा डबा मांडीवर तसाच ठेवून, तिने तो पूर सांगितला. उंबऱ्याशी आलेले पाणी, शेजाऱ्याची माडीवर चढवलेली गाय, रात्रभर अंधारात ऐकू येणारा भांड्यांचा आवाज. वडिलांच्या पुस्तकांपाशी आल्यावर ती थांबली. सौभाग्यवतींनी तिचा हात हातात घेतला. पुढचे तिने मग हळूहळू सांगितले. मधेच चिरंजीवांनी विचारले, “आजी, तू नदीवर रागावलीस?” ती म्हणाली, “रागावले होते की. पण आईवर किती दिवस रागवायचं?”

वेण्णा तलावातली होडी राहिली. सूर्यास्तही राहिला. स्ट्रॉबेरी तेवढी मिळाली, तीही घाट उतरताना रस्त्याकडेच्या एका बाईकडून, अंधारात.

परतीच्या वाटेवर मुले झोपली. खंडाळ्याच्या आसपास आई मागून म्हणाली, “तुम्ही दोघं बहीणभाऊ फोनवर काय कुजबुजता ते मला कळतं हो. घर विकायचं तर विकू. पण आधी एकदा जाऊन दारं-खिडक्या उघडू, भिंतींना चुना देऊ. बंद घराचा निर्णय बंद घरात बसून करू नये.”

चैत्रात आम्ही सांगलीला गेलो. घर अजून विकलेले नाही. पुराची रेघ भिंतीवर जिथे होती, तिथे चुना देताना आईने ती तेवढी पुसू दिली नाही, म्हणाली, “राहू दे, पुढच्याला कळायला हवं.”