मोत्याची परळीची वाट

ज्या वाचकांचें कुलदैवत योगेश्वरी आहे, त्यांनीं आमचें आंबेजोगाई गांव एकदां तरी पाहिलेंच असेल. देवीची ओटी भरावयाची, दासोपंतांच्या समाधीपुढें मस्तक ठेवावयाचें, वेळ उरल्यास मुकुंदराजांच्या दरींत उतरून यावयाचें आणि मग मोटारींत बसून परळीच्या वैजनाथाकडे निघावयाचें, हा बाहेरून येणाऱ्या मंडळींचा ठरलेला क्रम. आम्ही येथलेच रहिवासी. परळीचा रस्ता आम्हांला अंगणासारखा. त्या पंचवीसएक किलोमीटरांत लिहिण्याजोगें कांहीं असेल, असें गेल्या वर्षापर्यंत आमच्या मनांतही आलें नव्हतें. तो प्रसंग आमच्या मोत्या नांवाच्या कुत्र्यानें आणला.

या रस्त्याची एक जुनी दंतकथा आहे. योगेश्वरीचें लग्न वैजनाथाशीं ठरलें, कोंकणांतून वऱ्हाड निघालें. परंतु परळीला पोंचण्यापूर्वींच मुहूर्त टळला आणि देवी येथेंच कुमारिका राहिली. गांवाजवळच्या हत्तीखाना लेण्यांपुढें जे दगडी हत्ती उभे आहेत, ते त्या वऱ्हाडाचेच, असें आमच्या मातोश्री नातवंडांना सांगतात. संशोधक अर्थातच निराळें सांगतात. तें कसेंही असो. आंबेजोगाईहून निघून परळीला न पोंचण्याची चाल मोत्यानें पाडलेली नाहीं, एवढें त्याच्या बाजूनें प्रथमच सांगून ठेवलें पाहिजे.

मोत्या हा गांवठी. केज तालुक्यांतल्या आमच्या शेतावर राहणाऱ्या गड्याच्या कुत्रीचा हा मुलगा. लांब पाय आणि चिंचोळें तोंड यांवरून दख्खनच्या कारवानी शिकारी कुत्र्यांचें थोडें रक्त याच्या अंगांत आहे, असा आमच्या धाकट्या बंधूंचा आग्रह आहे. मातोश्रींच्या मतें तो नुसताच आग्रह आहे. दीड महिन्याचा असतांना त्याला एका जीपच्या मागल्या बाजूस खताच्या पोत्यांमध्यें ठेवून आणलें. वाटेंत तो चार वेळां ओकला. त्याचा मोटारींतला दुसरा प्रवास सुई टोंचून घेण्यासाठीं झाला. तिसऱ्या खेपेस तो चाकाचा आवाज ऐकूनच पसार झाला, आणि आम्हींही पुढें तो नाद सोडला.

सोंवळ्याओंवळ्याच्या घरांत कुत्र्याची मर्यादा ओसरीपर्यंत. ती मातोश्रींनीं पहिल्याच दिवशीं आंखून दिली होती. परंतु दासोपंतांसारख्या दत्तभक्ताच्या गांवांत राहून दत्ताच्या पायांशीं बसलेल्या चार श्वानांना वेद म्हणावयाचें आणि दारच्याला ‘हाड्’ म्हणावयाचें, हें पुढें त्यांनाच पटेना. मर्यादा सरकत सरकत माजघराच्या उंबऱ्याशीं येऊन थांबली. तेथें एक जुनें धडपें अंथरलें गेलें, आणि दुपारच्या वेळीं मातोश्री वाती वळीत आणि मोत्या त्यांच्याकडे पाहात पडून राही.

गेल्या भाद्रपदांत मोत्याच्या मागल्या मांडींत एक गांठ हाताला लागली. गांवांतल्या पशुवैद्यांनीं ती सुईनें तपासली. गांठ साध्या चरबीची दिसते, घाई नाहीं. परंतु जागा वाईट आहे, वाढली तर पाय उचलेनासा होईल. दोन-तीन महिन्यांत परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत नेऊन काढून टाका, असा त्यांचा सल्ला पडला. परभणी म्हणजे परळी आणि गंगाखेडवरून शंभराच्या आंतबाहेर किलोमीटर. माणसाच्या हिशेबानें सकाळीं निघून रात्रीं परत. मोत्याच्या हिशेबानें काय, हें आम्हांला आश्विनाच्या पहिल्या आठवड्यांत कळलें.

त्या दिवशीं आम्हीं जें केलें त्याची आठवण सुखाची नाहीं. दोघां पुतण्यांनीं त्याला उचलून मागल्या बाकावर ठेवला आणि दार लावून घेतलें. ‘एकदां गाडी चालू लागली कीं होईल संवय,’ असें म्हणणारे आम्हीच होतों. त्याच्या तोंडांतून लाळेची धार लागली, अंग थरथर कांपूं लागलें, आणि दार ओरबाडतां ओरबाडतां एक नख मुळापासून तुटलें. परळीच्या अलीकडे घाट उतरूं लागण्याच्या आधींच तो ओकला, बाक घाण केला, आणि आम्ही त्याला आवरावयास गेलों तेव्हां त्यानें आमच्या हाताला दांत लावला. मुलांच्या हातांतली भाकरीदेखील ज्यानें कधीं ओढली नव्हती, त्यानें. मोटार तेथूनच फिरविली. (मोत्याला लस टोंचलेली होती, तरी हात साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवून आम्ही लागलीच रुग्णालयांत दाखवून आलों. कुत्र्याचा दांत लागल्यावर घरच्या कुत्र्याचा आहे म्हणून कोणीं हयगय करूं नये.)

घरीं येतांच मोत्या परसांतल्या कडब्याच्या गंजीमागें जाऊन बसला. दोन दिवस बाहेर आला नाहीं. तिसऱ्या दिवशीं आला, पाणी प्याला. परंतु आमच्या हातची भाकरी त्यानें घेतली नाहीं. मातोश्रींच्या हातची घेतली. आमच्या हातावरची जखम आठवड्यांत भरली. हें मात्र बरेच दिवस लागून राहिलें.

पशुवैद्य आमची हकीकत ऐकून घेऊन म्हणाले, “तुमच्या कुत्र्याला दोन दुखणीं आहेत आणि तुम्ही तीं एकच समजलांत.” पहिलें दुखणें कानाचें. शरीराचा तोल सांभाळणारें इंद्रिय कानाच्या आंत असतें. पिलांमध्यें तें अपक्व असल्यामुळें त्यांना गाडी फार लागते. पुढें बहुतेकांची ती खोड जाते. दुसरें दुखणें स्मरणाचें. पोट ढवळणें आणि मोटार यांची एकदां सांगड बसली कीं पोट बरें झालें तरी भय उरतें. पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांच्या तोंडाला केवळ खाण्याची चाहूल लागतांच पाणी सुटे, हें आपण शाळेंत वाचलेलें असतें; मोत्याच्या तोंडाला पाणी सुटे तें भीतीनें आणि मळमळीनें, एवढाच फरक. पहिल्या दुखण्यावर औषध आहे, दुसऱ्यावर केवळ धीर.

त्यांनीं आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हांला फार मनोरंजक वाटली. १९२४ सालीं अमेरिकेंत मेरी कव्हर जोन्स या बाईंनीं पीटर नांवाच्या एका लहान मुलाची सशाची भीती घालविली. मूल आवडीचें खाणें खात असतां ससा पिंजऱ्यांतून दूर अंतरावर आणून ठेवावयाचा, आणि मुलाचें खाणें थांबणार नाहीं अशा बेतानें रोज थोडा जवळ आणावयाचा. पुढें दक्षिण आफ्रिकेंत जोसेफ वोल्पे यांनीं भेदरलेल्या मांजरांना याच मार्गानें शांत केलें आणि १९५८ च्या आपल्या ग्रंथांत माणसांसाठीं त्याची पद्धत बसविली. बळजबरीनें भयाच्या डोहांत ढकलून देणें हा या पद्धतीच्या अगदीं उलट मार्ग. आणि तो आम्ही करून बसलों होतों.

तथापि आमच्या मनाची खरी पकड घेतली ती पुस्तकांतल्या नव्हे, रस्त्यावरच्या कुत्र्यानें. दिवाळी आटोपत आली कीं आमच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीचीं माणसें लाखांच्या संख्येनें पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल घेतलेली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत चूल, भांडीं, सरपण, कोंबड्या, पोरेंबाळें, आणि सगळ्यांच्या वर एखादें कुत्रें. अशीच एक ट्रॉली गांवाबाहेर चहासाठीं थांबली होती. बाजल्याच्या पायाला बांधलेलें एक तांबूस कुत्रें, कर्णा कानठळ्या बसविणारीं गाणीं ओकीत असतांना, खुशाल झोंपीं गेलें होतें. आम्हीं त्या बाईला विचारलें, “बाई, हें भीत नाहीं का?”

ती हंसली. म्हणाली, “ह्ये जलमलंच ट्रालीत, मालक. त्याला ट्राली म्हंजी घर. तुमच्याला तुमची गाडी म्हंजी खाटकाची गाडी. त्येची रोजची वाकळ टाका की आत.”

तिच्या मांडीवर सहा-सात वर्षांची मुलगी पेंगत होती. शाळेचें विचारलें तेव्हां ‘आल्यावर’ एवढेंच उत्तर मिळालें. आल्यावर म्हणजे चैत्र-वैशाखांत, शाळा सुटतांना. एका कुत्र्याच्या प्रवासासाठीं दोन महिने खर्चावयास निघालेले आम्ही त्यावर काय बोलणार? पोरीच्या हातांत खाऊचे पैसे ठेवून परत फिरलों.

वाकळेचा सल्ला मात्र शिरोधार्य मानला. मोटार अंगणांत उभी करून चारी दारें उघडीं टाकलीं आणि तिला पंधरा दिवस जागचें हलविलें नाहीं. मोत्याची थाळी पहिल्या दिवशीं मोटारीपासून वीस पावलांवर. तुपांत कुसकरलेली ज्वारीची भाकरी तेवढी येथेंच मिळावयाची, दुसरीकडे नाहीं. रोज थोडी थोडी पुढें. पांचव्या दिवशीं तो खातां खातां थबकला, ओंठ चाटूं लागला, उगाच जांभई दिली. झोंप आलेली नसतां कुत्र्यानें जांभई देणें हें भीतीचें लक्षण आहे, हें आम्हांला तोंवर ठाऊक नव्हतें. थाळी दोन पावलें मागें घेतली. अशा वेळीं पाठीवरून हात फिरविला तर भीती लाडावते असें पुष्कळ सांगतात. तें खरें नाहीं. भीति ही कांहीं खोडी नव्हे, कीं लाड केल्यानें वाढावी.

अकराव्या दिवशीं पुढचे पाय आंत. चौदाव्या दिवशीं सबंध मोत्या आंत, आपल्या धडप्यावर, आणि थाळी रिकामी. आमच्या हातचा तुकडा त्यानें त्याच दिवशीं पुन्हां घेतला. मातोश्रींना आनंद झाला; त्यांनीं देवीपुढचा प्रसाद म्हणून चार बेदाणे आणले, ते आम्हांला धांवत जाऊन अडवावे लागले. द्राक्षें आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडास अपायकारक असतात. ‘देवीचा प्रसादसुद्धां?’ असें त्यांनीं विचारलें. आम्हीं खोबऱ्याच्या तुकड्यावर तडजोड केली.

मग दार लावणें. मग यंत्र सुरू करून लगेच बंद करणें. मग फाटकापर्यंत. मग योगेश्वरीच्या देवळापर्यंत, आणि तेथें उतरून पायीं फेरफटका, म्हणजे मोटारीच्या शेवटीं सुईच असते असें नाहीं हें त्याला कळावें. मग मुकुंदराजांच्या दरीपर्यंत. बाराव्या शतकांत विवेकसिंधु जेथें रचला गेला असें परंपरा सांगते, त्या रानांत मोत्यानें मनसोक्त मोर हुसकावले. येतांना तो आपण होऊन मोटारींत चढला. घाटाच्या तोंडाशीं मात्र पुन्हां लाळ आली. तेथून तीन दिवस आम्ही नुसतेच जाऊन परत फिरत होतों. रस्त्यावरचे ओळखीचे लोक ‘काय हरवलें का?’ म्हणून विचारूं लागले.

याच सुमारास मातोश्रींनीं एक दिवस सहज म्हटलें, “मलाही गाडी लागते. पण मला कोणीं अशी दोन महिने शिकवणी लावली नाहीं.” आम्ही चपापलों. परळी पंचवीस किलोमीटरांवर, आणि मातोश्रींनीं वैजनाथाचें दर्शन घेऊन नऊ वर्षें झालीं होतीं. ‘आतां होत नाहीं’ एवढेंच त्या म्हणत, आणि आम्ही तें वयावर घालीत होतों. दुसऱ्या दिवसापासून पुढल्या बाकावर मातोश्री, हातांत लिंबू, मागें मोत्या. घाटाच्या तोंडाशीं थांबावयाचें, दोघांनींही वारा घ्यावयाचा, परतावयाचें. एकदां तेथें बसून त्या नातवंडांना धर्मराजाची गोष्ट सांगत होत्या. कुत्र्याला मागें ठेवून इंद्राच्या रथांत चढावयास धर्मराज तयार होईना, येथपर्यंत आल्यावर थांबून म्हणाल्या, “पण तें कुत्रें रथांत चढावयास तयार होतें कीं नाहीं, हें व्यासांनीं लिहिलें नाहीं हो.”

मार्गशीर्षांत परभणीची तारीख मिळाली. शस्त्रक्रियेसाठीं मोत्याचें पोट आदल्या रात्रीपासून रिकामेंच ठेवावयाचें होतें. तें प्रवासालाही सोयीचें. ओकारी न व्हावी म्हणून मॅरोपिटंट हें कुत्र्यांसाठींचें औषध पशुवैद्यांनीं वजन पाहून दिलें होतें. माणसांच्या गोळ्या आपल्या मतानें त्यांना देऊं नयेत. छातीभोंवतीं पट्टा घालून तो बाकाच्या पट्ट्याला अडकविला, कांच चार बोटें खालीं घेतली, आणि उजाडतां निघालों. घाटांत पुतण्यानें मोटार बैलगाडीच्या चालीनें उतरविली. मोत्या उभा राहिला, एकदां आमच्याकडे पाहिलें, आणि पुन्हां खालीं बसला. मातोश्रींनीं लिंबाचा वास घेतला. वीजकेंद्राच्या चिमण्या दिसूं लागल्या, म्हणजे परळी आलें.

अहल्याबाईंनीं जीर्णोद्धार केलेल्या त्या देवळाच्या दगडी पायऱ्या मातोश्री सुनेचा हात धरून चढल्या. आम्ही खालीं मोत्यापाशीं थांबलों, कारण उभ्या मोटारींत कांचा लावून कुत्र्याला ठेवणें मराठवाड्याच्या उन्हांत हिवाळ्यांतही धोक्याचें. खालीं येऊन त्यांनीं मोत्याच्या कपाळाला अंगारा लावला, आणि ‘चला’ म्हणाल्या. गंगाखेडला गोदावरी ओलांडतांना जनाबाईचें गांव म्हणून त्यांनीं बसल्या जागीं हात जोडले. नऊच्या सुमारास परभणी.

गांठ आंवळ्याएवढी निघाली. तपासणींत ती चरबीचीच ठरली. सायंकाळीं परततांना मोत्या गुंगींतच होता. घाट चढतांना एकदां तो कण्हला, तेव्हां मातोश्री मागल्या बाकावर जाऊन बसल्या, आणि त्याचें डोकें त्यांच्या सोंवळ्याच्या नव्हे, पण नव्या लुगड्यावर होतें.

टांके निघाल्यावरच्या सोमवारीं सकाळीं मातोश्री परळीला जावयाचें म्हणून तयार होऊन ओसरीवर आल्या. मोटारीचें दार उघडलें, तों मोत्या आधींच जाऊन पुढल्या बाकावर बसलेला. त्याला तेथून उठवून मागें बसविण्यांत आमची दहा मिनिटें गेलीं.