खाडीकाठचे रामायण

भाईंदर हे नाव मुंबईकराला दोन कारणांनी ठाऊक असते. एक तिथल्या मिठागरांमुळे, आणि दुसरे विरार लोकलमध्ये चुकून शिरून भाईंदरला उतरू पाहणाऱ्या प्रवाशाच्या हालांमुळे. मिठागरे आता इमारतींच्या आड गेली. हाल मात्र अजून शाबूत आहेत! माझी धाकटी बहीण लग्न होऊन तिकडे गेली, तेव्हापासून दर भाऊबीजेला मी हे हाल सोसतो आणि तिच्या हातच्या चिरोट्यांनी त्यांची भरपाई करून घेतो.

स्टेशनाच्या पूर्वेला उतरून खाडीच्या रोखाने चालू लागले की जेसल पार्क लागते. नावावरून बागबगीचा डोळ्यांपुढे येतो. पण ही आहे इमारतींची वस्ती, आणि तिच्या टोकाला खाडी. या खाडीकाठालाच लोक चौपाटी म्हणतात. वाळू आणि लाटा यांची अपेक्षा मात्र कुणी धरू नये. भरतीला गढूळ पाणी, ओहोटीला काळाभोर चिखल आणि कडेला तिवरांची झाडी, एवढेच तिचे ऐश्वर्य. समोर रेल्वेचे पूल, पुलांपलीकडे नायगाव, मध्ये पाणजू बेट. खाडीच्या मुखाशी, पैलतीरावर, चिमाजी आप्पांनी १७३९ साली घेतलेला वसईचा किल्ला. दर चार-दोन मिनिटांनी एक लोकल पुलावरून धडधडत जाते आणि तिच्या दारातून एखादा हात निर्माल्याची पिशवी पाण्यात भिरकावतो. गणपतीचे विसर्जनही याच काठावर होते. थोडक्यात, ही खाडी देवांच्या चांगल्याच परिचयाची आहे.

या काठावर संध्याकाळी जी मंडळी जमतात, त्यांच्या भाषा मोजायला बसलो तर माझ्या हाताची बोटे पुरी पडत नाहीत. गुजराती, मारवाडी, मराठी, भोजपुरी, कोकणी, तुळू; आणि या सर्वांना एकत्र बांधणारी ती लोकलमधली हिंदी, जिला व्याकरण नाही पण वेग भरपूर आहे. माझा भाचा आणि त्याचे मित्र हीच हिंदी बोलतात. भाचा त्या वेळी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. शास्त्र शाखेत नाव घातलेले, पण ध्यास एकच, सिनेमाचे संवाद लिहायचा. बहिणीने मला बाजूला घेऊन सांगितले होते, ‘दादा, तूच त्याला चार शब्द सांग. तू मराठी शिकवतोस, तुझं तो ऐकेल.’ मराठी शिकवणाऱ्याचे कोण ऐकतो, हे तिला ठाऊक नसावे.

ही गोष्ट २०२२ च्या भाऊबीजेची. त्याच महिन्यात, २ ऑक्टोबरला, अयोध्येत शरयूच्या काठी ‘आदिपुरुष’ या आगामी चित्रपटाची पहिली झलक दाखवली गेली होती. दिग्दर्शक ओम राऊत, म्हणजे ‘लोकमान्य’ आणि ‘तान्हाजी’ करणारा आपला मराठी माणूस. रामाच्या भूमिकेत प्रभास. मारुती झाला होता देवदत्त नागे, ज्याला घरोघरच्या आयाबायांनी ‘जय मल्हार’ मालिकेत खंडोबा म्हणून हात जोडलेले. पाश्चात्य सुपरहीरो पाहत वाढलेल्या पिढीला तशाच थाटात रामायण दाखवावे, असा निर्मात्यांचा रोख होता. झलक दीड-पावणेदोन मिनिटांची. पण तिच्यावरचे वाद महिना उलटला तरी संपत नव्हते.

खाडीच्या कठड्यावर ही पोरे बसली होती आणि मी ऐकत होतो. एकाच्या मते वानरसेना व्हिडिओ गेममधली वाटत होती. दुसऱ्याला रावणाच्या दाढीचा राग होता. तिसरा प्रभासचा निस्सीम भक्त. तो म्हणाला, ‘पिक्चर येऊ दे, मग बोल.’ चौथ्याचे म्हणणे मला सर्वांत मासलेवाईक वाटले. तो म्हणाला, ‘परदेशी सुपरहीरोची वाट लावली तर आपल्याला काय! पण हनुमान आपला आहे ना, सर.’

मला गंमत वाटली ती या ‘आपला’ शब्दाची. कॉमिक पुस्तकातल्या वीराचा मालक कोण, ते पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापलेले असते. मारुतीचा मालक कोण? वाल्मीकी, तुळसीदास, एकनाथ, आणि पिंपळाच्या पारावर शेंदूर लावणारी म्हातारी, सगळेच. असा वीर पडद्यावर आणायचा म्हणजे भरल्या घरात परक्याने पंगत वाढायला घेण्यासारखे आहे. वाढणारा कितीही निष्णात असो, जेवणाऱ्यांची नजर त्याच्या हातावर असतेच.

आणि मंडळी, ही पंगत काही आजची नव्हे. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली ‘लंकादहन’ काढला, तेव्हा अण्णा साळुंके नावाच्या एकाच नटाने राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. त्याआधी हे गृहस्थ उपाहारगृहात आचारी होते. तरीही राम पडद्यावर येताच प्रेक्षक पायातल्या वहाणा काढून ठेवीत, असे सांगतात. आचाऱ्याचा राम चालला, कारण त्याच्यात लोकांना त्यांचा राम दिसला. शिवाय चित्रपट मुका होता. मारुती काय बोलला, ते प्रत्येकाने आपापल्या मनात ऐकले!

‘आदिपुरुष’मधला मारुती मात्र बोलणार होता, आणि त्याचे हिंदी संवाद लिहीत होते मनोज मुंतशिर शुक्ला. भाच्याचे हे दैवत. ‘बाहुबली’चे हिंदी संवाद त्यांचेच, ‘केसरी’तले पोरांच्या ओठांवरचे गाणेही त्यांचेच. शिवाय हे लेखक पडद्याआड बसणारे नव्हते. दूरदर्शन-वाहिन्यांवर येऊन आपली मते ठणकावून सांगणारे होते. भाचा म्हणाला, ‘मामा, लेखक असा पाहिजे! नुसता कागदावर नाही, तोंडावरही.’

नोव्हेंबरात बातमी आली की जानेवारीत यायचा चित्रपट जूनवर गेला, दृश्यांवर आणखी काम करण्यासाठी. मे महिन्यात अजय-अतुल यांनी संगीत दिलेले ‘जय श्रीराम’ हे गाणे आले. शब्द मुंतशिर यांचेच. जेसल पार्कातल्या रिक्षांत ते महिनाभर वाजत होते. रावणाच्या दाढीवर चिडलेलेही ते गुणगुणू लागले. प्रदर्शनाची तारीख १६ जून २०२३. चित्रपटगृहांत एक खुर्ची मारुतीसाठी मोकळी ठेवायची, असेही ठरले होते.

जूनच्या अखेरीस काही कामासाठी मी भाईंदरला गेलो, तेव्हा खाडीकाठी वेगळीच भरती आली होती. लंकेत शेपटी पेटवताना मारुतीच्या तोंडी जे संवाद घातले होते, ते गल्लीतल्या टोळभैरवाला शोभावेत असे होते, आणि देशभर त्यावर गहजब उडाला होता. लेखकाने आधी ठामपणे बाजू मांडली: ही चूक नव्हे, ही भाषा मुद्दाम सोपी केली आहे, आपल्याकडे कथेकरी आणि घरोघरच्या आज्या अशाच भाषेत कथा सांगत आल्या. मारुती देव नव्हे, भक्त आहे, असेही ते एका मुलाखतीत बोलून गेले आणि आगीत तेल पडले. आठवड्याभरातच काही संवाद बदलावे लागले. जुलैत त्यांनी हात जोडून बिनशर्त क्षमा मागितली.

मला चक्रावून टाकले ते आमच्या कठड्यावरच्या पोरांनी. जी मुले दिवसभर नेमकी तीच भाषा बोलतात, बापाचा उद्धार केल्याखेरीज ज्यांचे वाक्य पुरे होत नाही, तीच सर्वांत जास्त दुखावली होती. प्रभासचा भक्त तर मान खाली घालून बसला होता. भाच्याने मला विचारले, ‘मामा, म्हणजे आपण जसं बोलतो तसं लिहायचंच नाही का? मग पुन्हा पुस्तकीच लिहायचं?’ दैवत ढळल्याचे दुःख त्याच्या आवाजात होते, आणि त्याहून अधिक काळजी होती, आपल्याजवळ असलेली एकमेव भाषाच टाकाऊ ठरली की काय याची.

या प्रश्नाला ‘शुद्ध लिही’ एवढे उत्तर देऊन भागले नसते. आणि ते खरेही नव्हते. कथेकऱ्यांचा दाखला त्या लेखकाने दिला तो पोकळ नाही. एकनाथांनी ‘भावार्थ रामायण’ लिहिले ते पैठणच्या बाजारात समजेल अशा मराठीत. रावण शेपटीवर फुंकर घालायला जातो आणि त्याच्याच दाढीमिश्या पेट घेतात, हे कीर्तनात ऐकताना आमच्या लहानपणी सभामंडप खदखदून हसे. तिथे मारुती मर्कटलीला करतो, रावणाची रेवडी उडवतो, पण कुणाला तो उणा झाल्यासारखे वाटत नाही.

मी भाच्याला म्हटले, ‘आजी गोष्ट सांगते ती कुणासाठी? नातवाने ऐकावी म्हणून. तिच्या तोंडी शिवी आली तरी ती मारुतीची होत नाही, आजीची राहते. हा संवाद कशासाठी लिहिला होता?’

तो क्षणभर थांबून म्हणाला, ‘शिट्ट्यांसाठी.’

उत्तर त्यानेच दिले होते. साधी भाषा आणि सवंग भाषा दिसायला बहिणी-बहिणी. पण एक ऐकणाऱ्याकडे पाहते, दुसरी टाळ्यांकडे. ग. दि. माडगूळकर हाडाचे सिनेमाचे लेखक; शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा त्यांचीच. त्याच माणसाने १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीसाठी ‘गीतरामायण’ची छप्पन्न गीते लिहिली, सुधीर फडक्यांनी त्यांना चाली दिल्या, आणि घरोघरी रेडिओला हार घातले गेले. भाषा साधीच होती, स्वयंपाकघरातल्या बाईला कळणारी. ती कशी योग्य आहे, हे सांगायला माडगूळकरांना मुलाखत द्यावी लागली नाही.

आणि ती पोरे का दुखावली, तेही मला हळूहळू उमगले. माणूस स्वतः कसेही बोलो, आपल्या वीराने आपल्याहून चांगले बोलावे अशी त्याची इच्छा असते. लोकलच्या दारात लटकताना जी भाषा तोंडात येते, तिच्यातून निदान कुणीतरी सुटलेला असावा! मारुतीनेही तीच भाषा उचलली, तेव्हा त्यांना आरशात पाहिल्यासारखे झाले, आणि देवळात आरसा पाहायला कुणी जात नाही.

भाच्याने लिहिणे सोडलेले नाही. शास्त्र शाखेची पदवी पदरात पाडून घेतल्यामुळे माझी बहीणही आता फारशी कुरकुर करीत नाही. अलीकडे त्याने मला एक छोटेसे नाटुकले वाचायला दिले. त्यात कुणी वीर नाही. भाईंदरच्या फलाटावर गाडी चुकलेली दोन माणसे आहेत, आणि ती खास जेसल पार्कच्या हिंदीत एकमेकांना आपापल्या गावचा समुद्र सांगतात. एकही टाळीचे वाक्य त्यात नव्हते. मी ते एका बैठकीत वाचले, आणि मग पुन्हा एकदा.