हिंडोला दरवाज्यापाशी

दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्यापासून थोड्या अंतरावर स्थिरावली आणि त्या छावणीचेच पुढे ‘लष्कर’ हे नगर झाले. तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांना किल्ला हा घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा. गच्चीवर वाळवण घालताना तो दिसतो, संध्याकाळी दिवेलागणीला त्याची काळी कड दिसते. पाहुणा आला की त्याला किल्ला दाखवून आणणे हा आमच्याकडे आतिथ्याचाच एक भाग.

मी किल्ला प्रथम चढलो तो १९८० च्या हिवाळ्यात, अण्णांचे बोट धरून. त्या वेळी मी दहा वर्षांचा होतो. पूर्वेच्या चढणीवर पहिला लागतो तो आलमगिरी दरवाजा. औरंगजेबाच्या सुभेदाराने १६६० मध्ये तो आपल्या बादशहाच्या नावाने उभारला. अण्णा तेथे थांबले नाहीत. त्यापुढचा बादलगढ दरवाजा. राजा मानसिंह तोमराच्या काकाचे, बादलसिंहाचे, नाव त्याला मिळालेले. तेथे मात्र अण्णा थांबले आणि म्हणाले, “याचं दुसरं नाव हिंडोला. इथं पूर्वी झोपाळा होता.” मला तो दरवाजा तत्क्षणी आवडला. आमच्या ओसरीवरही एक शिसवी झोपाळा होता आणि रात्री जेवणे झाल्यावर त्यावर अण्णांच्या शेजारी बसून गोष्ट ऐकण्याचा माझा नेम होता.

चढण संपता संपता मानमंदिर समोर येते. मानसिंहाने १४८६ ते १५१६ या काळात येथे राज्य केले आणि हा महाल बांधला. १५२८ मध्ये बाबराने तो पाहिला व आपल्या आठवणींत त्याचे वर्णन लिहून ठेवले. तांबूस दगडावर निळ्या चकचकीत फरशा, त्यांवर हत्ती, मगरी, केळीची झाडे आणि पिवळ्या बदकांची लांबच लांब रांग. त्या भिंतीपाशी मी बदके मोजत उभा राहिलो. अण्णांनी घाई केली नाही.

महालाच्या पोटात दोन तळमजले आहेत. अरुंद जिन्याने आपण एका वर्तुळाकार, खांबांच्या दालनात उतरतो. छताला लोखंडी कड्या आहेत. “या कशाला?” मी विचारले. अण्णा म्हणाले, “राण्यांचे झोपाळे टांगायला.” भिंतीतल्या भोकांतून एका दालनातले बोलणे दुसऱ्या दालनात ऐकू जाते असेही त्यांनी सांगितले. मी एका भोकाला तोंड लावून त्यांना हाक मारली आणि त्यांनी पलीकडून ओ दिली.

पुढे १९८४ मध्ये शाळेच्या सहलीबरोबर मी त्याच दालनात पुन्हा उतरलो. वाटाड्याने झोपाळ्यांची कथा सांगितली आणि मग, सर्वांना आवडणारा भाग राखून ठेवल्यासारखा, पुढचे सांगितले: मोगल अमदानीत येथे कैदी ठेवीत आणि याच कड्यांना त्यांना फाशी देत. मुले शहारली, हसली, एकमेकांचे गळे धरू लागली. मी मात्र त्या भोकाकडे पाहत राहिलो.

घरी आलो तेव्हा अण्णा झोपाळ्यावर बसले होते. मी उभ्यानेच विचारले, “तुम्हांला हे ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

त्यांनी पायाने झोपाळा थांबवला. “तेव्हा तू दहा वर्षांचा होतास रे.”

मला ते उत्तर पटले नाही. कैदी, फाशी यांचे भय दोन दिवसांत ओसरले. पण अण्णांना ठाऊक असूनही त्यांनी दुसरेच सांगितले, हे शल्य राहिले. मी झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी बसणे सोडले. गोष्ट सांगा, असे पुन्हा म्हटले नाही. त्यांनीही कधी बोलावले नाही.

कड्यांची फाशी ही वाटाड्यांची कथा; पण किल्ला राजबंद्यांचा तुरुंग होता हा इतिहास आहे. शहाजहानचा मुलगा मुराद याला १६६१ मध्ये येथे ठार करण्यात आले. दारा शुकोहचा थोरला मुलगा सुलेमान याला अफूच्या बोंडांचे पाणी पाजून पाजून १६६२ मध्ये येथेच संपवले. माझे मन गुंतले ते दाराच्या धाकट्या मुलात, सिपिहर शुकोहमध्ये. १६५९ च्या ऑगस्टात बापाचा वध करण्यापूर्वी या मुलाला त्याच्या मिठीतून ओढून काढले आणि मग ग्वाल्हेरला पाठवले. तेव्हा तो जेमतेम पंधरा वर्षांचा होता. आलमगिरी दरवाजा बांधला जात होता त्या वर्षी तो वर किल्ल्यावर कैदेत होता. पुढे १६७३ मध्ये त्याचा विवाह औरंगजेबाच्याच मुलीशी लावून देण्यात आला.

गेल्या हिवाळ्यात माझ्या शाळेची सहावीची मुले घेऊन मी किल्ल्यावर गेलो. सर्वांत पुढे एक किरकोळ अंगाची मुलगी होती. तिने मानमंदिराची बदके मोठ्याने मोजली. चुकली की पुन्हा पहिल्यापासून मोजू लागे. दालनात उतरल्यावर तिनेच कड्यांविषयी विचारले. “झोपाळ्यांसाठी,” मी म्हणालो. इतक्यात मागून एक मुलगा बोलला, “नहीं सर, यहाँ फाँसी देते थे. भैया ने बताया.” सर्व मुले माझ्याकडे पाहू लागली.

मी खोटे बोललो नाही. तुरुंगाविषयी सांगितले, सिपिहरविषयी सांगितले. मुले गप्प झाली. ती मुलगी म्हणाली, “सर, उसके साथ खेलता कौन था?”

मजजवळ उत्तर नव्हते. बाहेर आलो तेव्हा ऊन भिंतीवर आले होते, निळ्या फरशा उजळल्या होत्या. ती मुलगी बदकांकडे न पाहता पुढे गेली.

माझे सांगणे योग्यच होते. आज पुन्हा प्रसंग आला तरी मी तेच सांगेन. परंतु सांगितल्याने काय जाते ते त्या क्षणी मला प्रथमच बाहेरून दिसले. अण्णांनी मला फसवले नव्हते; ती बदके त्यांनी माझ्यासाठी आणखी चार वर्षे राखली होती. आणि विचारल्यावर त्यांनी क्षणभरही लपवाछपवी केली नव्हती, हे तर मी कधी लक्षातच घेतले नव्हते.

उतरताना हिंडोला दरवाज्यापाशी ती माझ्याजवळ आली. “सर, यहाँ झूला सच में था?”

“था,” मी म्हणालो.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्या रात्री जेवण झाल्यावर मी ओसरीवर गेलो आणि झोपाळ्यावर बसलो. माझ्या जुन्या जागी, कडेला.