सत्तर आणि ब्याऐंशी

२००३ सालची गोष्ट. आम्ही पुण्यात होस्टेलला होतो. रूममेट एका रात्री सायबर कॅफेतून प्रिंटआउट घेऊन आला. पानाला पाच रुपये मोजून, म्हणजे मामला गंभीरच! 'रोलिंग स्टोन' मासिकाने जगातले १०० सर्वश्रेष्ठ गिटारवादक जाहीर केले होते.

पहिला नंबर जिमी हेंड्रिक्सचा. त्यावर आमचं दोघांचं काही म्हणणं नव्हतं. दुसरा ड्वेन ऑलमन, तिसरा बी. बी. किंग, चौथा एरिक क्लॅप्टन. ठीक. मग बाराव्या नंबरावर कर्ट कोबेन दिसला आणि आम्ही दोघांनी एकत्रच कपाळावर हात मारला. गाणी उत्तम हो त्याची, पण बारावा? आणि माझा एडी व्हॅन हेलन कुठेय? बोट खाली खाली जात राहिलं. ७०! ज्याने १९७८ साली पावणेदोन मिनिटांच्या 'इरप्शन'मध्ये दोन्ही हातांची बोटं फ्रेटबोर्डवर नाचवून अख्ख्या पिढीला वेड लावलं, तो सत्तरावा. रूममेटचा देव होता पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिलमोर. तो तर ८२.

खरं म्हणजे आम्ही दोघेही सारखेच पोळलेले. मिळून त्या मासिकाला शिव्या घालायला हव्या होत्या. पण झालं भलतंच. तो म्हणाला, "तुझा एडी सर्कस करतो. सत्तर जास्तच झाले." मी म्हणालो, "आणि तुझा गिलमोर? एक सूर वाजवतो, मग चहा पिऊन येतो, मग दुसरा सूर." इथपर्यंत नेहमीचंच होतं. रात्रीचा दीड वाजला होता, शेजारच्या खोलीतले दोघे-तिघे मजा बघायला आले होते आणि मला चेव चढला. मी त्या सगळ्यांसमोर म्हणालो, "तुला साधी गिटार धरता येत नाही. वेग म्हणजे काय ते तुला कळणार कसं? तू कशाला बोलतोस?"

मी तेव्हा गिटार शिकत होतो. सहा-सात कॉर्ड्‌स येत होत्या, एवढंच.

तो काही बोलला नाही. कागदाची घडी घालून पुस्तकात ठेवली आणि झोपला. दुसऱ्या दिवशीपासून डबा, अभ्यास, सिनेमा सगळं पूर्ववत, फक्त गाणी तो हेडफोन लावून ऐकायला लागला. तोवर आमच्या खोलीत एकच टेपरेकॉर्डर होता आणि दोघांच्या कॅसेटी आलटून पालटून लागायच्या. नंतरचं दीड वर्ष त्यावर फक्त माझ्याच कॅसेटी वाजल्या. एकट्याने वाजवताना मजा येत नव्हती, पण ते कबूल कोण करणार?

पुढे नोकरी लागल्यावर मी इलेक्ट्रिक गिटार घेतली. एका रविवारी 'कम्फर्टेबली नम्ब'चा शेवटचा सोलो काढायला बसलो. एडी जमत नव्हता, म्हटलं हे तरी सोपं असेल. यात तारा ओढायच्या असतात. म्हणजे बघा, दुसऱ्या तारेवर दहाव्या फ्रेटला 'ए' वाजतो. बोटाने तार वर ढकलत न्यायची आणि 'बी'वर नेमकी थांबवायची. सतारीवर मींड घेतात तेच. जरा कमी ओढली तर सूर उतरलेला, जरा जास्त ओढली की चढलेला. वेगात वाजवताना एखादा सूर इकडेतिकडे झाला तर पुढचे वीस सूर त्याला झाकून टाकतात. इथे सूर एकटाच उभा असतो, चांगला दोन-तीन सेकंद, लपायला जागा नाही. वर त्याला हळूहळू थरथरवायचंही असतं. संध्याकाळपर्यंत बोटांची सालं निघाली. तो एक सूर काही लागला नाही.

गंमत म्हणजे खुद्द गिलमोरनेही तो सोलो एका दमात वाजवलेला नाही. पाच-सहा वेळा वाजवून त्यातले चांगले चांगले तुकडे निवडून जोडले होते. हे रूममेटला सांगायला हवं होतं. तेव्हा तो परदेशी गेला होता.

२०११ साली त्याच मासिकाने पुन्हा यादी काढली. एडी ७०वरून थेट आठवा, गिलमोर ८२वरून चौदावा! आठ वर्षांत दोघांची बोटं सुधारली होती का? छे. पहिली यादी मुख्यतः एका समीक्षकाची होती, दुसरीला गिटारवादकांनी आणि इतर जाणकारांनी मतं दिली होती. परीक्षक बदलले की निकाल बदलतो, एवढं साधं. आणि आम्ही त्या पहिल्या यादीपायी... असो. मी त्याला लांबलचक ईमेल लिहिलं आणि पाठवलं नाही.

ती जुनी यादी नंतर पुन्हा पाहिली. शंभरात बायका फक्त दोन, जोनी मिचेल आणि जोन जेट. जोनी ७२वी, म्हणजे एडीच्या खाली फक्त दोन ओळी. लहानपणी पोलिओ झाल्याने डाव्या हातात जोर कमी, म्हणून गिटारच्या तारा स्वतःच्या पद्धतीने लावून घेतलेली बाई. आम्ही रात्रभर ७०वर बोट आपटत होतो आणि दोन ओळी खाली नजर गेली नाही. २०२३च्या यादीत ती नववी आहे. (क्लॅप्टन पहिल्या दहातूनही गेला. त्यावरही भांडता येईल.)

ऑक्टोबर २०२०मध्ये एडी गेला. सकाळी उठलो तर त्याचा मेसेज. किती वर्षांनी! "तुझा एडी गेला रे. काल रात्रभर इरप्शन ऐकलं."

मग मी सगळं लिहिलं. ती रात्र, ते वाक्य, रविवारचा सूर. त्याने उत्तरात विचारलं, "आता लागतो का?"

फोनवर रेकॉर्ड करून पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं.

"किंचित उतरलाय. पुन्हा ओढ."